रकाना क्रमांक अकरा

उदगीरच्या ठाण्यात दुपारी वीज गेली
तेव्हा नागरबाई अकराव्या रकान्यावर अडकलेली.
डोळ्यांचा रंग?
तिनं माझ्याकडं बघितलं, मग पिशवीकडं.
"डोळ्याला कसला रंग, बाई? डोळ्यावाणी डोळे."
मी लिहिलं: काळे.

उंची तिला आकड्यात येईना.
मी उठून भिंतीला पाठ लावली,
तिनं माझ्या डोक्यावर वीतभर हात धरला.
खूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग,
जत्रेतली जिलेबीची कढई, वय नऊ.
भाषा: मराठी, कानडी, थोडी तेलुगू,
आणि दखनी, शिव्या द्यायला.
फॉर्मवर तीनच ओळी होत्या. शिव्या मी गाळल्या.

"काय लिवलालीस एवढं?"
नोटीस, म्हटलं. पिवळी.
लाल असते पळालेल्याची, काळी बेवारस देहाची,
पिवळी हरवलेल्याची. देशोदेशी जाते.
"पिवळं तर आमचं रेशनकार्ड हाय," ती म्हणाली,
"त्याच्यावर नाव हाय त्याचं. गहू येतोय अजून."

वैजनाथ इरबा हुडगे, वय एकतीस, वेल्डर.
एजंट निलंग्याचा, विमान हैदराबादचं,
शेवटचा फोन मस्कतहून:
इथं धूळ लई, बाकी बरं.
त्यानंतर चार वर्षं हा क्रमांक अस्तित्वात नाही.

कागद लातूरला गेला. लातूरहून मुंबई, मुंबईहून दिल्ली,
दिल्लीहून फ्रान्समधल्या लिओं नावाच्या गावी.
मी नकाशात बघितलं, दोन नद्यांच्या मधे आहे.
प्रत्येक टेबलावर एक तारीख, एक कोंबडा,
आणि नावाचा एक टवका उडायचा:
वैजनाथचा बैजनाथ, हुडगेचा हुजे,
एकदा तर इरबा हेच आडनाव.
मी दर वेळी दुरुस्ती पाठवली.
मनगटावरचा डाग मात्र
कुणालाच चुकीचा लिहिता आला नाही.

साहेब हसायचे.
अगं, आपल्याला बिदरहून मोटारसायकल परत आणता येत नाही.

दोन उन्हाळे. बाजारच्या दिवशी ती यायची,
विचारायची नाही काही, बाकावर बसायची,
जाताना टेबलावर अंबाडीची जुडी ठेवायची.

मग एका गुरुवारी उत्तर आलं.
व्हिसाच्या वेळचे ठसे जुळले.
व्यक्ती सापडली. जिवंत. प्रकृती ठीक.
पुढचं मी तीनदा वाचलं:
व्यक्ती सज्ञान आहे. आपला ठावठिकाणा
कुटुंबाला कळवू नये, अशी तिची इच्छा आहे.
नोटीस रद्द.

मराठीत व्यक्ती स्त्रीलिंगी असते.
"तिची इच्छा."
क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाची असेल.

माणूस पकडायचा कसा, ते आम्हाला नाशिकला शिकवलं.
सापडलेला माणूस
हातात न देता सांगायचा कसा, ते नाही.

सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली नाही.
"हाय ना पण?"
आहे.
"कुठं हाय म्हणलालेत?"
ते सांगत नाहीत, मावशी.
"ते, का त्यो?"
मी पंख्याकडं बघितलं. वीज होती.

शेजारच्या टेबलावर म्हैस चोरीची फिर्याद चाललेली,
मोडकं शिंग डावं की उजवं, यावर दोन भाऊ भांडत होते.
ती ते ऐकत राहिली. भांडण मिटेपर्यंत.
मग म्हणाली, वाचून दाखव. पहिल्यापासून.

मी वाचत गेले. नाव, या वेळी बरोबर. उंची. डाग.
अकरा.
तिथं काळे खोडून कुणीतरी लिहिलं होतं: तपकिरी,
उजव्या बुबुळाच्या कडेला एक फिका ठिपका.

"फिका ठिपका," ती म्हणाली.
मान वर करून पुन्हा म्हणाली.
"म्हंजे कुणीतरी जवळ बसून बघितलं की गं त्याला.
उजेडात."